चढावर खाकरणारा एसी

आमच्या बाबांना गती मिळाली ती गाडीच्या अटीवर.

दहाव्याच्या दिवशी यमुनेच्या घाटावर पिंड मांडून आम्ही उभे होतो आणि कावळा शिवत नव्हता. दिल्लीत कावळे कमी आणि कबुतरं फार. ती पिंडाजवळ येत, मान वाकडी करून बघत आणि हे आपल्या खात्यातलं काम नाही अशा थाटात पुढे निघून जात. बाबांनी सगळी नोकरी केंद्र सरकारात काढलेली. त्यांना हे वागणं ओळखीचं वाटलं असतं.

मग रीतीप्रमाणे आम्ही शब्द द्यायला सुरुवात केली. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि ते आम्ही सांभाळू असं मोठ्यानं सांगायचं. पुण्याहून आलेले काका म्हणाले, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. कावळा नाही. माझी बायको नीता म्हणाली, तुमच्या कुंड्यांना रोज पाणी घालू. एक कबुतर तेवढं उडालं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहून दर्भाचा कावळा वळायला घेतला (खरा आला नाही तर दर्भाचा शिववून मोकळं होता येतं). तेव्हा आईने माझ्या कोपराला हात लावला.

"अरे श्री, गाडीचं बोल."

मी ग्रंथपाल. चारचौघांत मोठ्याने बोलायचा माझा सराव 'कृपया शांतता राखा' एवढ्यापुरताच. तरी हात जोडून म्हणालो, "बाबा, गाडी विकणार नाही. तुम्ही वापरायचात तशीच वापरीन."

कुठून कोण जाणे, एक कावळा आला, थेट पिंडावर बसला आणि चोच मारून गेला. गुरुजींनी अर्धा वळलेला दर्भाचा कावळा पिशवीत टाकला. काका रडले. आई रडली नाही, नुसती मान हलवली. नीता माझ्याकडे कशी बघत होती ते मला घरी आल्यावर कळलं. दिवाळीच्या आधीपासून ती नव्या गाडीचं बोलत होती, आणि मी जुनी गाडी साक्षात कावळ्याच्या साक्षीने कायमची ठेवून घेतली होती.

बाबा गाडी वापरायचे 'तशी' म्हणजे कशी, हे सांगायला हवं. गाडी लहान, राखाडी, वयाने प्रौढ. सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नव्हतं. हॉर्न ते अगदी जिवावर आल्याशिवाय वाजवत नसत, आणि दिल्लीत असं गाडी चालवणारा माणूस वेडा तरी समजला जातो किंवा परदेशी. पण सगळ्यांत कडक नियम एसीचा होता. उड्डाणपुलाचा चढ सुरू झाला की एसी बंद. "चढावर इंजिनाला दोन कामं सांगू नयेत," असं ते म्हणत. उतार लागला की पुन्हा चालू. आम्ही राहतो यमुनापार. तिथून शहरात जाताना इतके उड्डाणपूल लागतात, की गाडीला गार व्हायला सवडच मिळत नसे. मी चालवत असलो तर ते शेजारी बसून चढाच्या तोंडाशी एकदाच खाकरत. पुढचं चालवणाऱ्याने समजून घ्यायचं. मी तीस वर्षांत बहुधा सगळं तेवढ्यावरच समजून घेत आलो. आमच्यात फार बोलणं कधी झालंच नाही.

ते गेल्यावर आई बोलायची थांबली. म्हणजे चहा ठेवू का, गॅसवाला आला, असं बोले. पण वर्तमानपत्र वाचून मंत्र्यांना नावं ठेवणारी, टीव्हीवरच्या बायकांना साडी नेसायला शिकवणारी आई बंद झाली. तिचं एकच काम सकाळी ठरलेलं होतं. कावळ्याचा घास.

यात अडचण अशी, की आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळ्या लावलेल्या. कबुतर आत येत नाही तसा कावळाही येत नाही. म्हणून घास खाली नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस मी पार्किंगच्या भिंतीवर ठेवला. ती भिंत तळमजल्यावरच्या चड्ढाजींच्या खिडकीसमोर येते. त्यांनी फार प्रेमाने सांगितलं, की कौआ आता है तो काँव काँव भी करता है जी. मग मी घास बाबांच्या गाडीवर ठेवू लागलो. त्यांचीच गाडी, त्यांचाच घास. बॉनेटवरून घरंगळू नये म्हणून मी तो व्यवस्थित, वायपरच्या मुळाशी खोचून ठेवत असे. ग्रंथपालाला वस्तू जागच्या जागी ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

घास म्हणजे सुरुवातीला भात होता. मग एक दिवस आईने माझ्या हातात शंकरपाळे ठेवले.

बाबांना शंकरपाळे जीव की प्राण, आणि साखर वाढलेली. शेवटची दहा वर्षं आईने डबा लपवायचा आणि बाबांनी शोधायचा, असा आमच्या घरात खेळ चालला होता. मी शंकरपाळ्यांकडे बघत उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "आता कसली आलीय शुगर." आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून दिवाळी नसताना आमच्या घरी शंकरपाळे तळले जाऊ लागले. रोज सकाळी मूठभर मी खाली नेत असे. परत येईपर्यंत एक कावळा हजर. संध्याकाळी बॉनेट स्वच्छ. आई विचारायची, "खाल्ले?" मी म्हणायचो, "सगळे."

मे महिना लागला. आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दर आठवड्याला शहरात न्यावं लागे. एकदा उन्हाने तिला चक्कर आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की एसीशिवाय बाहेर काढू नका. मी ठरवलं, यापुढे पुलावरही एसी चालूच ठेवायचा. शब्द मोडतोय हे कळत होतं. पण बाबांनीही आईसाठी मोडला असता, अशी मी मनाची समजूत घातली.

पहिल्याच पुलाच्या चढावर एसी खाकरला.

मी वाचन करणारा माणूस आहे. शब्द जपून वापरतो. तो आवाज खडखड नव्हता, घरघर नव्हती. आधी एक कोरडा 'खर्र', मग थोडं थांबून गळ्यात काहीतरी खुळखुळल्यासारखं, आणि शेवटी स्पष्ट, निर्विवाद, नापसंतीचं 'अहं'. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी एसी बंद केला. आवाज थांबला.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बघ. ते सांगत होते ना तुला."

उतारावर एसी लावला. आवाज नाही. पुढचा पूल आला. चढ लागताच पुन्हा 'खर्र', खुळखुळ, 'अहं'. नीता माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, हा योगायोग आहे. तिसऱ्या पुलावर तिनेच हात पुढे करून एसी बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या दिवसापासून आई गाडीत बोलू लागली. माझ्याशी नाही, एसीशी. पूल येण्याआधी सांगे, "अहो, आता जरा चालू राहू द्या, मला चक्कर येते." पुढून 'अहं' यायचं. "असू दे, हट्टीच आहात," असं म्हणून ती पदराने वारा घेई आणि हसू दाबत असे. एकदा तर म्हणाली की एसीतून दिवाळीचा वास येतो. वास मलाही येत होता. तुपाचा, जरा खवट. पण मे महिन्यात दिवाळीचा वास येतो असं मान्य करायला माझी तयारी नव्हती.

नीताने रात्री स्वयंपाकघर आवरताना हळूच विचारलं, "दुरुस्त करायचा ना?"

करायला तर हवाच होता. ऊन वाढत होतं. पण दुरुस्त केला आणि आवाज गेला, तर आई पुन्हा चहा ठेवू का, गॅसवाला आला, एवढ्यावर येणार. न करावा तर उन्हात चक्कर. मी चार दिवस गाडीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसलो. (त्यात 'अनावश्यक आवाज' असं एक प्रकरण आहे. खाकरण्याचा उल्लेख नाही.) पाचव्या दिवशी आई व्यायामाहून परत येताना पुलावर घामाने पांढरीफटक पडली, आणि निर्णय झाला.

चड्ढाजींनी करोल बागेतला त्यांचा बग्गा नावाचा मेकॅनिक सुचवला. आई म्हणाली, मीही येते. दवाखान्यात न्यायचं तर घरचं कोणीतरी बरोबर हवं, अशा स्वरात म्हणाली. मी नाही म्हणू शकलो नाही.

बग्गा हा गोल, आनंदी आणि ठाम माणूस होता. गाडी उभी करताच त्याने लांब पेचकस कानाला लावला, दुसरं टोक इंजिनाला, डोळे मिटले आणि म्हणाला, "कंप्रेसर गया जी."

मी म्हणालो, पण आत्ता तर आवाज येत नाहीये.

"आएगी कैसे? गया हुआ है."

मी नम्रपणे सांगितलं की आवाज फक्त चढावर येतो. करोल बाग सपाट आहे. बग्गाला हे पटलं नाही, पण गिऱ्हाईक शिकलेलं आणि दुबळं दिसतं आहे, तर चक्कर मारून आणू, असा विचार करून तो माझ्या शेजारी बसला. मागे आई. आम्ही जवळच्या पुलाकडे निघालो. बग्गाने वाटेत बेअरिंग, पट्टा आणि गॅस अशी आणखी तीन निदानं केली. चढ लागला.

'खर्र.' खुळखुळ. 'अहं.'

"बेरिंग," बग्गा आनंदाने म्हणाला.

"नहीं भैया," आई मागून म्हणाली. "वो बंद करने को बोल रहे हैं."

"कौन, माताजी?"

"मेरे मिस्टर."

बग्गाने मागे वळून पाहिलं. आईच्या शेजारी तिची पर्स होती.

"कहाँ हैं?"

"अब नहीं हैं," आई म्हणाली. "दिवाली के बाद गए."

बग्गाने पुढे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काही खुलासा करीन अशी त्याला आशा होती, पण मी गाडी चालवत होतो आणि खुलासा मोठा होता. त्याने एक बोट पुढे करून एसी बंद केला. आवाज गप्प झाला. बग्गाने हात जोडले आणि गल्लीत परत येईपर्यंत ते सोडले नाहीत.

परत आल्यावर त्याने चहा मागवला आणि हत्यारांकडे पाठ करून स्टुलावर बसला. मी म्हणालो, उघडून तरी बघा.

"खोल तो दूँ जी. पहले बाऊजी से पूछ लो."

मला वाटलं, चेष्टा करतोय. करत नव्हता.

"बरोबर बोलतोय तो," आई गाडीतून उतरत म्हणाली. "घाटावर बोललास तसं बोल."

मी सांगितलं, आई, ही करोल बाग आहे. ती म्हणाली, मग काय झालं. शेजारी सीटकव्हरं विकणारा आणि त्याची दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे बघू लागली होती. एक ई-रिक्शावाला थांबला. मी तीस वर्षं पुस्तकांच्या कपाटामागे काढलेला माणूस भर बाजारात एका राखाडी गाडीसमोर हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, एसी उघडतो आहे. आईला उन्हाचा त्रास होतो. गाडीला काही होऊ देणार नाही."

आई वर बघू लागली. करोल बागेत वर आकाश कमी आणि तारा जास्त. तिथे ती एकेक तार तपासत होती.

"माताजी क्या देख रही हैं?" बग्गाने दबक्या आवाजात मला विचारलं.

"कौआ," मी म्हणालो. यापेक्षा लहान उत्तर मला सुचलं नाही.

बग्गा वर बघू लागला. मग सीटकव्हरवाला, त्याची गिऱ्हाइकं, ई-रिक्शावाला. गल्ली अरुंद. रिक्शामागे एक टेम्पो अडला, टेम्पोमागे स्कूटर, आणि सगळे हॉर्न एकदम सुरू झाले. बग्गा उठून रस्त्याच्या मध्ये गेला आणि हात वर करून ओरडला, "रुक जाओ यार, कौआ आ रहा है!" दिल्लीत वाहतूक थांबवायला इतकं पवित्र कारण कोणी दिलं नसेल. आश्चर्य म्हणजे हॉर्न थांबले. टेम्पोवाला उतरून वर बघू लागला.

कावळा आला नाही. तारांवर फक्त कबुतरं होती. त्यांनी आमच्याकडे मान वाकडी करून बघितलं. खातं त्यांचं नव्हतं.

शेवटी आईनेच तोडगा काढला. "राहू दे. करोल बागेत ते कधी येतच नसत. गर्दी आवडायची नाही त्यांना. उघडा म्हणावं."

बग्गाने देवाचं नाव घेऊन बॉनेट उघडलं, वायपर काढले. काचेच्या तळाशी एक काळी जाळी असते, तिच्यातून बाहेरची हवा एसीच्या पंख्याकडे जाते, हे मी माहितीपुस्तकात वाचलेलं होतं. त्या जाळीचा कोपरा तुटलेला होता. बाबांनी तिथे चिकटपट्टी लावली होती, ती उन्हाने सुटून लोंबत होती. बग्गाने भोकात हात घातला, चेहरा वाकडा केला आणि मूठ बाहेर काढून उघडली.

शंकरपाळा.

त्याने पुन्हा हात घातला. शंकरपाळे. मग जाळीच काढली आणि वर्तमानपत्र पसरलं. एकामागून एक निघत राहिले. वाळलेले, काळपट, कडक, काही पंख्याच्या पात्यांनी गोल झालेले. चढ लागला की ते मागे घरंगळून पंख्यावर आपटत, उतारावर परत पुढे येत. खाकरण्याची पूर्ण यंत्रणा वर्तमानपत्रावर उघडी पडली होती.

"ये डाला किसने?" बग्गाने विचारलं.

सहा महिने रोज सकाळी, वायपरच्या मुळाशी, नीट खोचून, जागच्या जागी. मी चष्मा पुसायला घेतला.

"कौए ने," मी म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं. कावळा पोट भरल्यावर उरलेलं फटीत दडवून ठेवतो, असं मी वाचलं होतं. ते मी आईला हळू आवाजात, शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. तिला वाईट वाटणार, या भीतीने मी वाक्यं लांबवत होतो. ती कागदावरच्या ढिगाकडे बघत होती.

"म्हणजे ते खायचे थोडे आणि गाडीत लपवायचे," ती म्हणाली.

"कावळा, आई. कावळा लपवायचा."

"तेच म्हणतेय मी." ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत नाही. या गाडीच्या खणात चष्म्याची जुनी डबी असायची त्यांची. तिच्यात चष्मा कधी नव्हताच. मला सापडली, मी काही बोलले नाही. सापडली हे त्यांना कळलं असणार. म्हणून जागा बदलली."

मी शास्त्र आवरतं घेतलं. तेवढ्यात बग्गाच्या हाती काही वेगळं लागलं. त्याने ते उजेडात धरलं. कोंबडीचं हाड.

आईने नीट वाकून बघितलं. "हे त्यांचं नव्हे," ती ठामपणे म्हणाली. मग बग्गाला कळावं म्हणून, "ये उनका नहीं है. हम लोग नहीं खाते."

बग्गाने तिला धीर देत म्हटलं, "माताजी, बंदा बाहर थोड़ा-बहुत खा लेता है."

आई हाडाकडे बघत राहिली. बाबा नोकरीत असताना दर महिन्याला दौऱ्यावर जात. तिने मनात कोणते दौरे मोजले देव जाणे. पण एकाएकी तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झालो. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भोपाळ," एवढंच तिला बोलता आलं, "भोपाळहून आले की दोन दिवस भूक नसायची." बग्गा हसला, सीटकव्हरवाला हसला, भोपाळचं काही कळलं नसताना टेम्पोवालाही हसला. दिवाळीनंतर आई हसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी पुन्हा चष्मा पुसला. या वेळी त्याला खरोखरच पुसायची गरज होती.

बग्गाने पंखा साफ केला आणि तुटक्या कोपऱ्यावर जाळी बांधली. (कबुतरांचीच. दिल्लीत ती कुठेही मिळते.) हाड त्याने फेकलं. शंकरपाळे आईने पुडीत बांधून घेतले.

परतीच्या वाटेवर एसी इतका मऊ, इतका गार चालत होता, की मला कसंतरी व्हायला लागलं. आई मांडीवर पुडी घेऊन मागे बसली होती. पूल दिसू लागला. चढ लागला. एसीतून नुसती हवा येत होती. आरशात पाहिलं. ती पुढे वाकून कान देऊन बसली होती. अर्धा चढ गेला. काही नाही. तिचे हात पुडीवर घट्ट झाले.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी ठरवून केलं नाही. मी खाकरलो. 'खर्र', मग जरा थांबून, 'अहं'. हात पुढे गेला आणि एसी बंद झाला.

आरशात आईचे हात पुडीवर सैल झालेले दिसले. माझी समजूत झाली, की आपलं जमलं. बाबांसारखं मला आयुष्यात काही जमलं असेल तर हे.

"श्री," आई म्हणाली, "ते एवढ्या मोठ्यानं खाकरायचे नाहीत. आणि एसी लाव आता. मला उकडतंय."